शब्दार्थ पाठ करावा की वाक्यातून शिकावा?

मराठी माध्यमाच्या शाळेतली इंग्रजीची वही उघडली की आखलेले रकाने दिसतात: स्पेलिंग, देवनागरीतला उच्चार आणि मराठी अर्थ. काही शिक्षक चौथा रकानाही आखून घेतात, 'वाक्यात उपयोग'. तो कुठे रिकामा असतो, कुठे गाइडातून उतरवलेला. परिपाठाला 'आजचा शब्द' वाचून दाखवणारी जिल्हा परिषदेची शाळा असो, की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत समानार्थी शब्दांच्या याद्या घोकणारी स्पर्धा परीक्षेची मुले असोत, अडचण एकच आहे. इंग्रजी शब्द मराठी अर्थासकट पाठ करावा, की वाक्यावाक्यांतून उमजू द्यावा? या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत त्यात मतांच्या जोडीला प्रयोगही आले. त्यातून काय हाती लागले आणि काय अजून अधांतरी आहे, ते इथे मांडतो.

कोशांपासून पाठमालेपर्यंत

मराठी-इंग्रजी शब्दार्थांची परंपरा इंग्रजांनी स्वतःच्या गरजेपोटी सुरू केली. विल्यम केरीचा मराठी कोश 1810 सालचा आणि मोल्सवर्थचा 1831 सालचा. दोन्ही मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबासाठी होते. उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी असा मोठा कोश मोल्सवर्थने हाती घेतला, थॉमस कँडीने पुरा केला आणि तो 1847 साली बाहेर पडला. तोवर मुंबई-पुण्यात इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांची एक पिढी वर्गात बसून गेली होती.

कोशात शब्द सुटा असतो. त्याला वाक्यात बसवण्याचे काम मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या केले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने. धड्याच्या सुरुवातीला शब्द आणि त्यांचे अर्थ. पुढे त्याच शब्दांची इंग्रजी वाक्ये मराठीत करायची आणि मराठी वाक्ये इंग्रजीत. पुढे या पाठमालेवर घोकंपट्टीचा शिक्का बसला. मला तो पूर्णपणे रास्त वाटत नाही. नवा शब्द त्याच धड्यात वाक्यात येतो आणि दोन्ही दिशांनी वापरावा लागतो, हे आजच्या कित्येक पुस्तकांना जमलेले नाही. तिच्यात बोलण्याला जागा नाही आणि वाक्ये काही ठिकाणी केवळ शब्द खपवण्यासाठी रचलेली वाटतात, हे मात्र खरे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट पद्धतीचे वारे आले. वर्गात मातृभाषा नको, वस्तू दाखवा, कृती करा, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतूनच पोहोचवा, असा तिचा आग्रह होता. 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणामुळे घराघरांत पोहोचलेले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि भारतीय शाळांसाठी याच पद्धतीचा त्यांनी पुरस्कार केला. तिकडे ढाक्यात मायकेल वेस्ट वेगळ्या निष्कर्षाला आले. बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि पुन्हा फारसे भेटत नाहीत, असे त्यांना दिसले. त्यांनी नवे शब्द मोजून, विरळ पेरून पुस्तके लिहिली. द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल 1926 सालचा आहे. आज जगभर 'श्रेणीबद्ध वाचन' म्हणून जे विकले जाते, त्याचे एक मूळ असे आपल्या उपखंडात आहे.

1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत बेंगळुरू प्रकल्प चालवला. शब्दांची यादी बाजूला ठेवून मुलांना नकाशा, वेळापत्रक, कोडी अशी कामे द्यायची. काम करता करता भाषा येईल, ही त्यामागची धारणा. महाराष्ट्रात त्याहून मोठा बदल धोरणाने घडवला. पूर्वी पाचवीपासून असलेले इंग्रजी जून 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून आले. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग फोफावले. मराठी वाचन पुरते बसण्याआधीच इंग्रजी शब्द अर्थासकट लक्षात ठेवायची वेळ मुलांवर आली. वादाला धार चढली ती इथून.

किती शब्द आणि कोणते

पद्धतीवर भांडण्याआधी माल किती हवा, हे पाहिले पाहिजे. वेस्ट यांची सुमारे 2000 मूळ शब्दांची यादी 1953 साली प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले दर पाच शब्दांपैकी चारेक शब्द तेवढ्यात बसतात. ऐकायला हे छान वाटते, पण दर पाचवा शब्द अनोळखी असेल तर वाचणे म्हणजे ठेचा खाणे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी एका सहकाऱ्याबरोबर 2000 साली केलेल्या अभ्यासात आधाराशिवाय वाचायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, असे दिसले. 2006 साली नेशन यांनी हिशोब मांडला: तेवढी ओळख व्हायला लेखी इंग्रजीसाठी 8000 ते 9000 शब्दकुटुंबे लागतात आणि बोली इंग्रजीसाठी 6000 ते 7000. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक. उच्च शिक्षणाच्या मजकुरासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 570 शब्दकुटुंबांची वेगळी यादी केली.

रोज पाच शब्द, वर्षाचे शाळेचे 200 दिवस, म्हणजे हजार शब्द. दहा वर्षांत दहा हजार. कागदावर हिशोब जुळतो. विस्मरण त्यात धरलेले नाही, एवढीच त्याची उणीव.

शब्दांच्या निवडीवर मतभेद कमी आहेत. जास्त वापराचे शब्द आधी, हे जवळपास सगळ्यांना मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र क्रम उलटा होतो. नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड इझी' 1949 साली अमेरिकी प्रौढ वाचकांसाठी लिहिले गेले. लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्द उलगडण्याची त्याची रीत रंजक आहे आणि आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे ते लाडके पुस्तक आहे. पण 'ऑल्दो' आणि 'अनलेस' यांतला फरक ज्याला वाक्यात सांभाळता येत नाही, तो 'मिसअँथ्रोप' पाठ करतो. दोष पुस्तकाचा नाही, ते कोणाच्या हाती कधी पडले त्याचा आहे.

मराठी अर्थाच्या बाजूने

मातृभाषेतला अर्थ देण्याला थेट पद्धतीच्या काळापासून कमीपणा आला. प्रयोगांनी तो बराचसा पुसला आहे. इस्राएलमधल्या बातिया लॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1997 साली केलेल्या तुलनेत मातृभाषेत अर्थ दिलेले शब्द इंग्रजीत अर्थ दिलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहिले. शिवाय लांब उताऱ्यापेक्षा यादीत किंवा सुट्या वाक्यात दिलेले शब्द जास्त टिकले. नेशन यांनीही शब्द आणि मातृभाषेतला अर्थ यांच्या चिठ्ठ्या करून पाठ करण्याची भलामण केली आहे. एकूण शिकण्यातला तो एकच भाग असावा, हे मात्र ते बजावतात.

कारण साधे आहे. दहा वर्षांच्या मुलाकडे 'चिकाटी' ही कल्पना आधीच असते. त्याला नवे लेबल तेवढे हवे असते. इंग्रजी-इंग्रजी कोशातली व्याख्या वाचायला आणखी चार शब्द यावे लागतात. वेस्ट यांना ही अडचण ठाऊक होती. 1935 सालच्या त्यांच्या कोशात सुमारे 24,000 नोंदींचे अर्थ 1490 ठरावीक शब्दांत सांगितले होते. 1978 सालच्या लाँगमन कोशाने तीच रीत सुमारे 2000 शब्दांवर चालवली. तेवढे शब्दही ज्याच्याकडे नाहीत, त्याला मराठी अर्थाशिवाय गत्यंतर नाही. ऑक्सफर्ड किंवा नवनीत यांचे इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश हा त्यातला मधला मार्ग आहे.

या बाजूची एक कमकुवत जागा पीटर प्रिन्स यांच्या 1996 सालच्या प्रयोगात दिसते. भाषांतराने शिकणाऱ्यांना शब्द संख्येने जास्त आले. पण कच्च्या विद्यार्थ्यांना तेच शब्द वाक्यात वापरायला सांगितले तेव्हा ते अडखळले. शब्द ओळखणे आणि शब्द चालवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि यादी पहिलीच देते.

वाक्याच्या बाजूने

वाक्य का हवे, तर शब्दाचा संसार वाक्यात दिसतो म्हणून. 'रीच' म्हणजे पोहोचणे हे पाठ असलेला मराठी विद्यार्थी 'आय रीच्ड टू स्टेशन' म्हणतो, कारण मराठीत स्टेशनला किंवा स्टेशनवर पोहोचतात. 'डिस्कस अबाउट' आणि 'मॅरी विथ' या चुका त्याच जातीच्या. 'बॉरो' आणि 'लेंड' यांची गल्लत अशीच: मराठीत एकच 'उसने' घेताही येते आणि देताही येते. यातले काहीही अर्थाच्या रकान्यात मावत नाही. एक नेमके वाक्य ते न बोलता सांगून जाते. मायकेल लुइस यांनी 1993 साली याच मुद्द्यावर 'लेक्सिकल ॲप्रोच' उभा केला: सुटे शब्द शिकवू नका, जोड्या आणि तुकडे शिकवा. जर्मन विद्यार्थ्यांच्या निबंधांवरच्या नादिया नेसेलहाउफ यांच्या अभ्यासात तर चांगले इंग्रजी येणारेही क्रियापद आणि नाम यांच्या जोडणीत चुकत होते. अर्थ त्यांना पक्के ठाऊक होते.

वाक्याचा दुसरा दावा असा की शब्द वाचनातून आपोआप येतात. स्टीफन क्रॅशन यांचे नाव इथे आघाडीवर आहे. विल्यम नॅगी आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात अमेरिकी शाळकरी मुलांवर मोजले. अनोळखी शब्द वाचनात एकदा भेटला, तर तो कळण्याची शक्यता त्यांच्या एका अभ्यासात साधारण विसात एक निघाली. ही मुले स्वतःच्याच भाषेत वाचत होती आणि भरपूर वाचत होती. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही आणि शाळेच्या कपाटात गोष्टींची पुस्तके कुलूपबंद आहेत, त्याला विसाव्या भेटीपर्यंत पोहोचवणार कोण? दावा खोटा नाही, पण त्याची किंमत मोठी आहे.

या वादातला सर्वांत बोलका प्रयोग मला स्टुअर्ट वेब यांचा वाटतो. 2007 साली त्यांनी जपानी विद्यार्थ्यांना काही शब्द केवळ अर्थाच्या जोडीने शिकवले आणि काही अर्थासह एका वाक्यात. फरक जवळजवळ पडला नाही. एक वाक्य जोडल्याने शब्द पक्का होतो, या सार्वत्रिक समजुतीला त्याने सुरुंग लावला. वाक्ये निरुपयोगी आहेत असे त्यातून निघत नाही. एकच वाक्य पुरत नाही, एवढे निघते. अना फ्रँकेनबर्ग-गार्सिया यांच्या 2012 च्या आसपासच्या प्रयोगांत तीच दिशा दिसते: एकाहून अधिक उदाहरणे एकत्र दिली तर ती व्याख्येइतकाच आधार देतात, आणि वापरासाठी मुद्दाम निवडलेली उदाहरणे लिहिताना कामी येतात.

वाक्य कोणाचे?

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश 1942 साली टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डचा प्रसिद्ध विद्यार्थी-कोश झाला. त्यातली उदाहरणे मुद्दाम रचलेली, आटोपशीर, अर्थ दाखवणारी होती. 1987 साली बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांनी 'कोबिल्ड' कोश आणला आणि ही रीत मोडली. उदाहरणे रचायची नाहीत, संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरातून घ्यायची आणि अर्थही पूर्ण वाक्यात सांगायचा. रचलेली वाक्ये भाषेचे खोटे चित्र देतात, असे त्यांचे म्हणणे होते.

विरोधकांचे म्हणणे तितकेच रास्त होते. वर्तमानपत्रातून उचललेल्या वाक्यात मागचापुढचा संदर्भ तुटलेला असतो आणि नव्या शब्दाला सोडवायला आलेले वाक्य स्वतःच दोन नवे शब्द घेऊन येते. लॉफर यांच्या 1992 सालच्या तुलनेत समजण्यासाठी रचलेली वाक्ये सरस ठरली. पुढे तडजोड झाली. ॲडम किल्गरिफ आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अशी यंत्रणा मांडली की खऱ्या मजकुरातूनच, पण लांबी, शब्दांचा सोपेपणा आणि वाक्याची पूर्णता तपासून, उदाहरणे निवडली जातात.

आपल्याकडच्या गाइडांतली वाक्ये या दोन्ही कसोट्यांवर घसरतात. 'शी इज अ ब्यूटिफुल गर्ल' किंवा 'ही इज ऑनेस्ट' अशा वाक्यात शब्द बदलून दुसरा टाकला तरी काही बिघडत नाही. ज्या वाक्यातून शब्दाचा अंदाजच बांधता येत नाही, ते वाक्य उदाहरण म्हणून छापलेले असते, एवढेच.

वाक्य मुलाने रचावे का?

याचे उत्तर शिक्षक एकमताने 'हो' असे देतात. संशोधन मात्र विभागलेले आहे. यान हुल्स्टेन आणि लॉफर यांनी 2001 साली मांडले की शब्दासाठी मेंदूला जितके गुंतावे लागेल, गरज भासणे, शोधणे, पारखणे, तितका शब्द टिकतो. नेदरलँड्स आणि इस्राएलमधल्या त्यांच्या प्रयोगांत शब्द वापरून लेखन करणारे विद्यार्थी पुढे होते. पण त्यांना वेळही जास्त मिळाला होता. जो बारक्रॉफ्ट यांनी 2004 साली स्पॅनिश शिकणाऱ्यांवर उलट पाहिले: शब्द नुकताच भेटला असताना त्याचे वाक्य करायला लावले तर शब्दाचे रूपच नीट बसत नाही. कीथ फोल्स यांनी 2006 साली तीन वेळा गाळलेल्या जागा भरणे आणि एकदा स्वतःचे वाक्य लिहिणे यांची गाठ घातली. गाळलेल्या जागा जिंकल्या.

या निकालांचा मेळ घालायचा तर दोन गोष्टी दिसतात. वाक्यरचना वाईट नाही, पण ती पहिल्या भेटीत नको. आणि शब्द किती वेळा आठवून काढावा लागला, हे कामाच्या प्रकारापेक्षा जास्त मोलाचे ठरते. कार्पिक आणि रोडिगर यांचा 2008 सालचा स्वाहिली-इंग्रजी जोड्यांचा प्रयोग याला बळ देतो. एकदा आलेल्या जोड्या पुन्हा पुन्हा आठवून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के आठवल्या. नुसते पुन्हा वाचणारे 36 टक्क्यांच्या आसपास राहिले. मराठीत ज्याला आपण उजळणी म्हणतो, ती बहुधा दुसऱ्या प्रकारची असते: पान उघडून पुन्हा वाचणे. अंतर वाढवत नेणाऱ्या चिठ्ठ्यांच्या पेटीची कल्पना 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी लोकप्रिय केली. आजची फोनवरची 'अंकी'सारखी साधने तिचीच वंशज आहेत.

याच ओघात शाळेतल्या तक्त्यांचा उल्लेख करायला हवा. फळे, भाज्या, रंग, अवयव असे गट करून शब्द शिकवणे सोयीचे वाटते. पण 1990 च्या दशकात टिंकम आणि वॉरिंग यांच्या प्रयोगांत अशा सजातीय गटांतले शब्द एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो, असे निघाले. तक्ते भिंतीवर तसेच आहेत.

मराठी वर्गातले गुंते

वरचे बहुतेक प्रयोग विद्यापीठांतल्या किंवा परदेशी शाळांतल्या विद्यार्थ्यांवर झाले आहेत. मराठी वर्गात आणताना काही गोष्टी बदलतात.

पहिली, मराठी अर्थाची. कोश 'अध्यवसाय' छापतो, मूल 'चिकाटी' म्हणते. संस्कृतप्रचुर अर्थ पाठ करणे म्हणजे एका अनोळखी शब्दाला दुसरा अनोळखी शब्द बांधणे. मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंडी किंवा नंदुरबारकडचे पावरी बोलणारे मूल पाहिले तर अडचण आणखी खोल जाते. मातृभाषेतला अर्थ चांगला, हा निष्कर्ष त्याला लागू करायचा तर अर्थ मराठीत देऊन भागत नाही.

दुसरी, आधीच घरात असलेल्या शब्दांची. टायर, पंक्चर, मोटर, इंजेक्शन, रिचार्ज, बॅलन्स, कंडक्टर हे शब्द ग्रामीण मुलांच्या तोंडी आहेत. स्पेलिंग आणि मूळ अर्थ तेवढे जोडायचे बाकी आहे. जपानीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा असा पद्धतशीर उपयोग करण्यावर बरेच लिहिले गेले आहे. आपल्याकडे हे भांडवल वापरण्याऐवजी शुद्ध-अशुद्धाच्या भांडणात अडकले.

तिसरी, परीक्षेची. दहावीच्या अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत शब्दांचे वर्णक्रमाने लेखन, दिलेल्या शब्दातल्या अक्षरांतून नवे शब्द काढणे, शब्दसाखळी असे प्रश्न असतात. वाक्प्रचाराचे वाक्य करणेही असते. पहिल्या तिन्हींना शब्दाचा अर्थ माहीत असण्याची गरज जवळपास पडत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी ते सोयीचे आहेत, हे समजण्यासारखे आहे. पण शिक्षक जे तपासले जाते तेच शिकवतो. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटातल्या 57.3 टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आले आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना अर्थ सांगता आला. म्हणजे उच्चार जमलेल्या दर चार मुलांमधले एक अर्थापर्यंत पोचलेले नव्हते.

न सुटलेले

मराठी अर्थ आधी द्यावा यावर आता फारसे दुमत उरलेले नाही. तो कधी काढून घ्यावा, यावर आहे. काहींच्या मते पहिल्या दोन-तीन हजार शब्दांनंतर इंग्रजी-इंग्रजी कोशाकडे वळावे. काहींच्या मते मातृभाषेचा आधार शेवटपर्यंत राहतो, मग लपवायचा कशाला? दोन्ही बाजूंना आधार आहे. सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलांचा प्रश्न आणखी तातडीचा: 'व्हेलॉसिटी'चा अर्थ 'वेग' असा सांगितला तर 'स्पीड'चे काय करायचे, हे विज्ञानाच्या शिक्षकाला रोज ठरवावे लागते आणि भाषेच्या शिक्षकाशी त्याचे बोलणे होतेच असे नाही.

उदाहरणवाक्यांचा पुरवठा ही अडचण अचानक उरलेली नाही. फोनवर शब्द टाकला की यंत्र हवी तितकी वाक्ये, हव्या त्या पातळीची, मराठी अर्थासकट रचून देते. ती गुळगुळीत असतात, पण बहुतेक वेळा सरासरी इंग्रजीची असतात. मराठी मूल नेमके कुठे अडखळते, 'रीच'पुढे 'टू' कुठे येते, हे त्यांना आपणहून कळत नाही. त्यासाठी मराठी विद्यार्थ्यांच्या निबंधांचा आणि उत्तरपत्रिकांचा साठा चाळून चुकांची यादी करावी लागेल. विद्यापीठांचे भाषाविभाग, बालभारती किंवा एखादा खासगी प्रकाशक हे काम करू शकतो. शोधाचे श्रमच गेल्यावर शब्द टिकतो का, हा हुल्स्टेन-लॉफर यांच्या मांडणीतून निघणारा प्रश्न फोनच्या जमान्यात नव्याने उभा राहिला आहे. त्याची उत्तरे अजून एकमेकांशी जुळत नाहीत.